नकाराची भाषा : डेटाबेस-त्रुटींच्या भाषांतराचा इतिहास आणि माळशिरस तालुक्यातील भूमी अभिलेख

प्रस्तावना

कोणत्याही अभिलेख-व्यवस्थेचे स्वरूप ती काय नोंदवून घेते यावरून जसे कळते, तसेच ती काय नाकारते आणि तो नकार कोणत्या शब्दांत कळवते यावरूनही कळते. जमिनीच्या अभिलेखांच्या बाबतीत हे विशेषत्वाने खरे आहे. खरेदीदाराचे नाव सातबाऱ्यावर लागले नाही तर पीककर्ज, पाणीपट्टी, वाटणी, वारसा असे अनेक व्यवहार अडतात. म्हणून नोंद का नाकारली गेली, तो नकार कोणी दिला आणि त्यावर उपाय कोणाकडे मागावयाचा, हे खातेदाराला कळणे ही केवळ सोयीची बाब राहत नाही. तो त्याच्या हक्काचा भाग ठरतो.

संगणकशास्त्रात याच प्रश्नाचे एक तांत्रिक रूप आहे. डेटाबेसने एखादी नोंद नाकारली की तो एक त्रुटी-क्रमांक परत करतो. हा क्रमांक तक्ते, ओळी आणि बंधने यांच्या भाषेत बोलतो. वापरकर्त्याचे जग मात्र खाते, गट, दस्त, वारस आणि बोजा यांचे असते. डेटाबेसच्या त्रुटीचे त्या-त्या आज्ञावलीच्या विषयाला अनुरूप अशा अपवादात, म्हणजेच एक्सेप्शनमध्ये, रूपांतर करण्याच्या पद्धतीला त्रुटींचे किंवा अपवादांचे भाषांतर म्हटले जाते. प्रस्तुत लेखात या पद्धतीच्या विकासाचा मागोवा घेतला असून, सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्यासारख्या बागायती तालुक्यातील भूमी अभिलेखांच्या संदर्भात तिचे महत्त्व तपासले आहे. नकार हा ज्या पातळीवर उपाय शक्य असतो त्या पातळीच्या भाषेत दिला गेला पाहिजे, हे तत्त्व प्रोग्रामरांना १९७० नंतर क्रमाक्रमाने गवसले. महसुली व्यवहारात मात्र ते त्यापूर्वीच कायद्याच्या रूपाने रुजलेले होते, असे येथे प्रतिपादन केले आहे.

कागदी अभिलेखातील नकार

मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीला कायद्याचा आधार १९०३ च्या अधिनियमाने मिळाला आणि १९१३ मध्ये ती तरतूद जमीन महसूल संहितेत समाविष्ट झाली. स्वातंत्र्योत्तर काळात महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ आणि तदनुषंगाने १९७१ चे अधिकार अभिलेखविषयक नियम यांनी या व्यवस्थेला आजचे रूप दिले. गाव नमुना ६ ही फेरफार नोंदवही, ६-अ ही तक्रारी प्रकरणांची नोंदवही, ७ हा अधिकार अभिलेख आणि १२ ही पिकांची नोंदवही, अशी नमुन्यांची साखळी आहे. सातबारा हे नाव यांपैकी शेवटच्या दोन नमुन्यांच्या क्रमांकांवरूनच रूढ झाले.

या साखळीत संहितेचे कलम १५० मध्यवर्ती आहे. हक्क संपादनाची वर्दी आली की तलाठ्याने (२०२४ मध्ये या पदाचे नाव ग्राम महसूल अधिकारी असे करण्यात आले) ती फेरफार नोंदवहीत घ्यावयाची, तिची प्रत चावडीवर लावावयाची आणि हितसंबंधितांना नोटीस द्यावयाची. कोणी हरकत घेतल्यास ती तक्रारी नोंदवहीत नोंदवून हरकतदाराला लेखी पोच द्यावयाची. हरकतीचा निर्णय अव्वल कारकुनापेक्षा कमी दर्जाचा नसलेला अधिकारी शक्यतो एक वर्षाच्या आत देतो आणि तो आदेश फेरफार नोंदवहीत लिहिला जातो. नोंद प्रमाणित झाल्याखेरीज ती अधिकार अभिलेखात उतरत नाही.

या तरतुदीत तीन गोष्टी लक्षणीय आहेत. पहिली अशी की, हरकत म्हणजे नोंदवहीतील बिघाड नव्हे. ती स्वतंत्र नाव असलेला, स्वतंत्र नोंदवही असलेला आणि ठरलेला निर्णयाधिकारी असलेला प्रकार आहे. दुसरी गोष्ट, अडचणीच्या प्रकारानुसार तिचा मार्ग बदलतो. लेखनप्रमाद असेल तर कलम १५५, आदेश मान्य नसेल तर कलम २४७ खालील अपील, मोजणीचा प्रश्न असेल तर भूमी अभिलेख कार्यालय. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. नाकारलेल्या मागणीचाही माग कागदावर शिल्लक राहतो. ज्याची लेखी पोच मिळाली आणि ज्यावर आदेश झाला, त्याविरुद्ध दाद मागता येते.

नियम डेटाबेसमध्ये कसे गेले

याच सुमारास संगणकीय जगात एक वेगळे स्थित्यंतर घडत होते. १९७० मध्ये एडगर कॉड यांनी आयबीएममध्ये काम करीत असताना संबंधाधिष्ठित प्रतिमान मांडले. माहिती तक्त्यांच्या रूपात ठेवावी आणि ती कशी साठवली आहे याच्याशी वापरकर्त्याचा संबंध नसावा, हा त्यामागील विचार होता. या प्रतिमानावर आधारित सिस्टिम आर हा प्रायोगिक प्रकल्प १९७० च्या दशकात आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत आकाराला आला आणि एसक्यूएल ही भाषा त्यातूनच पुढे आली.

कॉड यांनी १९८५ मध्ये संबंधाधिष्ठित डेटाबेससाठी जे प्रसिद्ध नियम सांगितले, त्यांपैकी एक अखंडतेच्या स्वातंत्र्याविषयी आहे. माहितीच्या शुद्धतेची बंधने प्रत्येक आज्ञावलीत विखुरलेली न ठेवता डेटाबेसच्या सूचीत ठेवावीत, असा त्याचा आशय होता. हा विचार रास्तच होता. एकाच तक्त्यावर दहा आज्ञावल्या काम करीत असतील तर प्रत्येकीने नियम पाळण्याची हमी देता येत नाही. नियम तक्त्याजवळच असेल तर तो कोणालाच मोडता येत नाही. परंतु या निर्णयाचा एक परिणाम असा झाला की, नियमभंग प्रथम ओळखणारी यंत्रणा विषयाची भाषा जाणत नव्हती. दस्त दोनदा नोंदवला गेला हे डेटाबेसला कळत नाही. एकमेवत्वाचे बंधन मोडले, एवढेच त्याला कळते.

त्यातही प्रत्येक डेटाबेसची बोली निराळी होती. एकमेवत्वाच्या बंधनाचा भंग ओरॅकलमध्ये ओआरए-००००१ या क्रमांकाने, मायएसक्यूएलमध्ये १०६२ ने, एसक्यूएल सर्व्हरमध्ये २६२७ किंवा २६०१ ने आणि डीबी-२ मध्ये उणे ८०३ ने कळवला जातो. १९८६ च्या पहिल्या एसक्यूएल मानकात त्रुटी कळवण्यासाठी केवळ एका पूर्णांकाची सोय होती. शून्य म्हणजे यश, शंभर म्हणजे माहिती सापडली नाही आणि ऋण संख्या म्हणजे त्रुटी. ऋण संख्यांचे अर्थ ठरवण्याची मोकळीक मात्र उत्पादकांना होती. १९९२ च्या मानकाने पाच चिन्हांचा स्थितिसंकेत आणला. त्यातील पहिली दोन चिन्हे त्रुटीचा वर्ग दर्शवतात. ०८ म्हणजे जोडणीतील अडचण, २३ म्हणजे अखंडतेचा भंग आणि ४० म्हणजे ट्रान्झॅक्शन मागे घेतले जाणे. पोस्टग्रेस-एसक्यूएलने २००३ मधील ७.४ या आवृत्तीपासून ही पद्धत स्वीकारली. त्यात एकमेवत्वाच्या भंगाचा संकेत २३५०५ असा आहे. अशा प्रकारे बोलींतून एक प्रमाणभाषा तयार होऊ लागली. पण ती डेटाबेसचीच प्रमाणभाषा होती, वापरकर्त्याची नव्हे.

अपवादाच्या संकल्पनेचा विकास

डेटाबेसच्या भाषेतून विषयाच्या भाषेत येण्याचा मार्ग प्रोग्रामिंग भाषांच्या इतिहासातून निघाला. १९६० च्या दशकात पीएल-वन या भाषेत विशिष्ट परिस्थिती उद्भवल्यास काय करावे हे सांगण्याची सोय झाली होती. १९७२ मध्ये डेव्हिड पार्नास यांनी माहिती झाकून ठेवण्याचे तत्त्व मांडले. प्रत्येक घटकाने आपली अंतर्गत रचना बाहेर दिसू देऊ नये, असे ते तत्त्व सांगते. पुढे १९७६ मध्ये पार्नास व वुर्गेस यांनी अनिष्ट घटनांच्या संदर्भात हाच विचार वाढवला. खालच्या थरातील बिघाडाची वर्दी वरच्या थराला द्यावयाची तर ती वरच्या थराला समजणाऱ्या संकल्पनांत दिली पाहिजे. अन्यथा झाकलेली रचना त्रुटीच्या वाटेने उघडी पडते, हे त्यांच्या विवेचनातून स्पष्ट होते.

जॉन गुडइनफ यांच्या १९७५ च्या निबंधाने अपवादांना शास्त्रीय चौकट दिली. अपवादाचे पूर्ण महत्त्व तो ओळखणाऱ्या क्रियेला कळत नाही, ते त्या क्रियेला बोलावणाऱ्यालाच कळते, ही त्यातील मूलभूत जाणीव होती. बार्बरा लिस्कोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीएलयू या भाषेत तिला शिस्तीचे रूप दिले. १९७९ मध्ये लिस्कोव्ह व स्नायडर यांनी वर्णिलेल्या या रचनेत अपवाद फक्त एकच पायरी वर जातो. लगतच्या थराने त्याची दखल घ्यावयाची किंवा आपल्या भाषेत नवा अपवाद देऊन तो पुढे पाठवावयाचा. कोणीच दखल घेतली नाही तर त्याचे रूपांतर सर्वसाधारण अपयशात होते. भाषांतराचे कर्तव्य प्रत्येक थरावर सोपवणारी ही पहिल्या काही व्यवस्थांपैकी एक होय.

महसुली उतरंडीशी याचे साम्य सहज ध्यानात येते. तलाठ्याकडील वाद तहसीलदाराकडे जातो तेव्हा तो प्रकरण क्रमांक, पक्षकार आणि मुद्दा अशा रूपात जातो. नोंदवहीच्या कितव्या पानावर कोणती शाई होती, हे त्याचे स्वरूप नसते. मात्र मूळ नोंदवही आवश्यक तेव्हा मागवता येते. भाषांतर व्हावे, पण मूळ नष्ट होऊ नये, ही दुहेरी अपेक्षा दोन्हीकडे समान आहे.

भाषांतराचे तंत्र रूढ होते

जावा ही भाषा १९९६ मध्ये प्रकाशात आली आणि १९९७ मध्ये तिच्यासोबत डेटाबेसशी जोडणी करणारे जेडीबीसी उपलब्ध झाले. त्यात सर्व प्रकारच्या त्रुटींसाठी एकच अपवाद-वर्ग होता. संदेश, स्थितिसंकेत आणि उत्पादकाचा क्रमांक त्याच्या पोटात असे. जोडणी तुटली काय किंवा दस्त दुबार झाला काय, आज्ञावलीच्या हाती एकच पाकीट पडे आणि ते उघडून क्रमांक वाचण्याचे काम तिच्याच माथी येई. परिणामी व्यवसायाचे नियम लिहिलेल्या भागात उत्पादकांचे क्रमांक शिरले आणि डेटाबेस बदलला की तो भागही बदलावा लागू लागला.

२००१ मध्ये जोशुआ ब्लॉक यांनी आपल्या ग्रंथात थराच्या अमूर्ततेला साजेसाच अपवाद द्यावा असा नियम सांगितला आणि त्यासाठी अपवाद-भाषांतर ही संज्ञा वापरली. २००२ मध्ये जावाच्या १.४ या आवृत्तीने एका अपवादात दुसरा अपवाद कारण म्हणून जोडून ठेवण्याची सोय केली. वरच्या थराला विषयाची भाषा आणि तंत्रज्ञाला मूळ कारण, अशा दोन्ही गरजा त्यामुळे एकाच वेळी भागू लागल्या. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या रॉड जॉन्सन यांच्या ग्रंथातील विचारांवर उभ्या राहिलेल्या स्प्रिंग या चौकटीची पहिली आवृत्ती २००४ मध्ये आली. निरनिराळ्या उत्पादकांचे त्रुटी-क्रमांक एका सारणीत नोंदवून त्यांचे अर्थपूर्ण अपवाद-कुळात रूपांतर करण्याची सोय तिने केली. दुबार किल्ली, अखंडतेचा भंग, कुलूप न मिळणे, डेडलॉकमध्ये बळी पडणे अशी नावे त्यामुळे सर्रास वापरात आली. २००६ च्या जेडीबीसी ४.० मध्ये प्रमाण ग्रंथालयानेही हा भेद मान्य केला. क्षणिक म्हणजे पुन्हा प्रयत्न केल्यास सुटू शकणाऱ्या आणि स्थायी म्हणजे कारण दूर झाल्याखेरीज न सुटणाऱ्या त्रुटींसाठी त्याने स्वतंत्र वर्ग दिले.

येथे भाषांतराच्या दोन पायऱ्या वेगळ्या केल्या पाहिजेत. पहिल्या पायरीवर उत्पादकाच्या बोलीतून सर्वसाधारण तांत्रिक भाषेत रूपांतर होते. ते तयार चौकटींना करता येते. दुसऱ्या पायरीवर तांत्रिक भाषेतून विषयाच्या भाषेत रूपांतर व्हावे लागते. ते कोणतीही तयार चौकट करू शकत नाही, कारण दुबार किल्लीचा अर्थ बँकेत एक, ग्रंथालयात दुसरा आणि तहसील कार्यालयात तिसराच असतो.

माळशिरसच्या संदर्भात दुसरी पायरी

भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्रपुरस्कृत योजना १९८८-८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत सुरू झाली. महाराष्ट्रातून त्यात वर्धा जिल्ह्याची निवड झाली होती. २००८ मध्ये राष्ट्रीय भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम मंजूर झाला. पुढे राज्यात ई-फेरफार प्रणाली आली आणि १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा नागरिकांना उपलब्ध झाला. अशा रीतीने नोंदवही आणि डेटाबेस ही दोन जगे एकमेकांत मिसळली.

माळशिरस तालुक्यात या मिसळणीला विशेष गुंतागुंत लाभते. तालुक्याच्या उत्तर सीमेवर नीरा नदी आहे. नीरा उजव्या कालव्याने येथे ऊस आणला. १९३० च्या दशकात माळीनगर आणि श्रीपूर येथे साखर कारखाने उभे राहिले. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने व त्यानंतर स्थापन झालेल्या शेती महामंडळाने कारखान्यांच्या खंडाने घेतलेल्या जमिनींचा प्रश्न निर्माण केला. जमीन एकत्रीकरणाने सर्व्हे नंबरांचे गट झाले, तर वारसाहक्काने आणि वाटण्यांनी गटांचे पुन्हा हिस्से पडले. सोसायट्यांच्या व बँकांच्या कर्जांचे बोजे इतर हक्कांत चढले. एकाच गटावर इतिहासाचे इतके थर असताना त्यावरील नकाराचा अर्थ एका क्रमांकाने सांगता येणे अशक्य आहे.

हे स्पष्ट होण्यासाठी एका काल्पनिक रचनेचा विचार करता येईल. फेरफारांच्या तक्त्यात गाव, दस्त क्रमांक आणि वर्ष यांच्या जोडीवर एकमेवत्वाचे बंधन आहे असे मानू. खरेदीखताची माहिती दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातून येऊन नोंद झाली. त्यानंतर खरेदीदाराने स्वतंत्र अर्ज दिला आणि तीच नोंद पुन्हा घेण्याचा प्रयत्न झाला. डेटाबेस म्हणेल, २३५०५. तांत्रिक चौकट म्हणेल, दुबार किल्ली. विषयाच्या भाषेत मात्र सांगावयास हवे ते असे : या दस्ताची नोंद अमुक फेरफार क्रमांकाने आधीच घेतलेली असून ती नोटिशीच्या मुदतीत आहे, नव्या नोंदीची आवश्यकता नाही. पहिल्या दोन उत्तरांनी खातेदार रिकाम्या हाताने परततो. तिसऱ्या उत्तराने त्याला आपल्या नोंदीची स्थिती कळते.

दुसरा प्रसंग असा की, दस्तात उल्लेखलेला गट दरम्यान विभागला गेल्याने मूळ क्रमांक बंद झाला आहे. येथे संदर्भ-बंधन मोडते. त्याचे भाषांतर ‘गटाचे हिस्से पडले आहेत, दस्तातील क्षेत्र कोणत्या हिश्श्यातील आहे ते निश्चित करावे’ असे व्हावयास हवे. यावरील उपाय तलाठ्याच्या पडद्यावर नसून अन्य कार्यालयात असू शकतो. तिसऱ्या प्रसंगी एकाच गटावर दोन कर्मचारी एकाच क्षणी काम करीत असल्याने एकाला थांबावे लागते. येथे कायद्याचा कोणताही प्रश्न नाही, थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करणे एवढेच पुरेसे आहे. हे तीनही नकार एकाच संदेशात गुंडाळले तर क्षणिक अडचण कायमची वाटते आणि कायमच्या अडचणीवर व्यर्थ पुनःप्रयत्न होत राहतात.

नोंद घेण्यापूर्वी सर्व तपासण्या केल्या तर डेटाबेसला नकार देण्याची वेळच येणार नाही, असा एक आक्षेप संभवतो. परंतु तपासणी आणि नोंद यांच्या मधल्या क्षणात दुसरी नोंद होऊ शकते. म्हणून अंतिम रखवालदार डेटाबेसच राहतो आणि त्याच्या नकाराच्या भाषांतराची गरजही उरतेच.

भाषांतराच्या मर्यादा आणि जबाबदाऱ्या

भाषांतर चुकीचेही होऊ शकते. एका तक्त्यावर अनेक बंधने असताना कोणते बंधन मोडले हे न पाहता प्रत्येक २३ वर्गाच्या त्रुटीला दुबार दस्त म्हणणे हा खोटा निर्वाळा होय. त्यासाठी बंधनांना अर्थपूर्ण नावे देणे आणि भाषांतर त्या नावांवर आधारणे आवश्यक ठरते. ज्या त्रुटीचा अर्थ निश्चित नाही तिला विषयाचे नाव न देता अनपेक्षित त्रुटी म्हणूनच वर पाठवणे प्रामाणिकपणाचे आहे. उलटपक्षी, मूळ संदेश जसाच्या तसा पडद्यावर दाखवणेही अयोग्य आहे. त्यातून तक्त्यांची अंतर्गत नावे बाहेर पडतात आणि घुसखोराला आयती माहिती मिळते. मूळ कारण तांत्रिक नोंदवहीत जपावे आणि वापरकर्त्याला संदर्भ क्रमांकासह विषयाचा अर्थ द्यावा, हा मध्यम मार्ग आहे.

याहून खोल प्रश्न नोंदीच्या अस्तित्वाचा आहे. कागदी व्यवस्थेत वादग्रस्त गोष्टही नोंदवली जात असे आणि तिच्यासाठी गाव नमुना ६-अ होता. डेटाबेसचे बंधन मात्र विसंगत गोष्ट आत येऊच देत नाही. ट्रान्झॅक्शन मागे घेतले जाते आणि प्रयत्नाचा मागही उरत नाही. ज्या नकाराची नोंद नाही त्याला पोच नाही, आणि ज्याला पोच नाही त्यावर अपीलही नाही. त्रुटी-क्रमांक हा कलम २४७ च्या अर्थाने आदेश ठरत नाही. म्हणून भूमी अभिलेखांसारख्या क्षेत्रात अपवादाचे भाषांतर केवळ शब्दांचे असून भागत नाही. नाकारलेली मागणी, तिचे कारण, वेळ आणि पुढील अधिकारी यांची स्वतंत्र नोंद होणे हा त्याचाच भाग मानला पाहिजे.

निष्कर्ष

कॉड यांनी नियम डेटाबेसकडे सोपवले, तेव्हा माहितीची शुद्धता वाढली. पण नकार देणारा आणि नकाराचा अर्थ जाणणारा यांच्यात अंतर पडले. पार्नास, गुडइनफ आणि लिस्कोव्ह यांच्या विचारांतून ते अंतर ओळखले गेले आणि २००१ ते २००६ या काळात ते भरून काढण्याची तांत्रिक साधने रूढ झाली. तथापि या साधनांनी पहिली पायरीच सोपी केली. दुसऱ्या पायरीवरील अपवादांची नावे संगणकशास्त्राने नव्हे, तर त्या-त्या विषयाच्या कायद्याने आणि व्यवहाराने पुरवावयाची असतात.

महाराष्ट्राच्या महसुली परंपरेत ही नावे तयार आहेत. तक्रारी प्रकरण, लेखनप्रमाद, मुदतीतील नोंद, अप्रमाणित फेरफार, नवीन शर्त ही सारी नावे म्हणजे नकारांचे व अडथळ्यांचे शतकभर घडत आलेले वर्गीकरणच होय. अशा आज्ञावलीचा आराखडा करणाऱ्याने अपवादांची यादी गाव नमुन्यांवरून आणि संहितेच्या कलमांवरून बेतली, तर माळशिरसच्या खातेदाराला मिळणारा नकारही त्याला ठाऊक असलेल्या भाषेत मिळेल आणि त्यावर दाद मागण्याचा त्याचा मार्ग खुला राहील. संगणकशास्त्र, विधी आणि इतिहास या विषयांच्या अध्यापकांनी एकत्र येऊन अभ्यासावा असा हा विषय आहे.